बापाचं नाव ऐकलंत, आता घोडीची आई बघून या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्हाला साडेतीन वर्षांची एक मारवाडी घोडी आवडली. विकणारा म्हणतो, बाप नामांकित आहे, लांबलांबून घोड्या त्याच्याकडे लावायला येतात, तेव्हा ही स्वभावाला चांगलीच निघणार. किंमत साडेचार लाख. घोडी ठाणे शहरात ठेवायची, १२ वर्षांची मुलगी तिच्यावर शिकेल, दोन-तीन वर्षांनी एक शिंगरू घेतलं की पैसे वसूल. रक्त चांगलं म्हणजे स्वभाव चांगला, हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

मी घोडबंदर रस्त्याला, खाडीच्या बाजूला, गेली चोवीस वर्षं घोडे सांभाळते आणि शिकवते. रेसमधून सुटलेले, मारवाडी, काठियावाडी, वरातीच्या कामातून आलेले, सगळे हाताखालून गेलेत. त्या भरवशावर लिहिते आहे.

रक्ताकडे वळण्याआधी एक सांगून टाकते. साडेतीन वर्षांची घोडी, कुठल्याही घराण्यातली असो, नवशिक्या मुलीसाठी घेऊ नका. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, आणि डोकं ठिकाणावर यायला बरेचदा त्याहून जास्त. स्वार शिकाऊ आणि घोडीही शिकाऊ, मग शिकवणार कोण? तुमच्या मुलीला दहा-बारा वर्षांचा, शंभर पोरांनी पाठीवर बसून लगाम ओढला तरी कान न टवकारणारा घोडा हवा. त्याच्या बापाचं नाव कुणाला माहीत नसलं तरी काही बिघडत नाही.

आता रक्त. स्वभाव रक्तातून उतरतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रेसचे थरोब्रेड घोडे बघा. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपाशी आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची वेल जाऊन पोचते. इंग्लंडमध्ये त्यांच्या वंशावळीची नोंदवही १७९१ पासून छापली जाते आहे. इतक्या पिढ्या एकाच गोष्टीसाठी निवडल्या गेल्या: टाच लागायच्या आत पुढे झेप घ्यायची. असा घोडा रेस सोडून ठाण्यात किंवा खारघरला शिकवणीच्या रिंगणात येतो, तेव्हा तो वाईट नसतो. त्याला थांबणं शिकवलेलं नसतं आणि त्याच्या आज्या-पणज्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं. पोराचा पाय चुकून बरगडीला घासला की तो निघाला.

एका जातीच्या आतही घराण्याघराण्यांत फरक दिसतो. हेलो नावाचा अमेरिकन घोडा इतका चावरा होता की त्याच्या तोंडाला मुसकं बांधून ठेवायचे. त्याचा मुलगा संडे सायलेन्स, जन्म १९८६ चा, त्याच वळणाचा तापट. मागचे पाय बेढब म्हणून लहानपणी त्याला गिऱ्हाईक मिळेना. १९८९ मध्ये त्याने केंटकी डर्बी जिंकली, तरी अमेरिकेतल्या पैदासकारांनी हात आखडता घेतला आणि तो जपानला गेला. तिथे १९९५ पासून २००७ पर्यंत सलग तेरा वर्षं त्याचीच संतती कमाईत पहिली राहिली. तापटपणा पुढच्या पिढ्यांतही उतरला, पण जपान्यांनी तो ओळखून त्या घोड्यांना तसे हात दिले. तापट रक्ताला किंमत नसते, असं म्हणूनच म्हणता येत नाही. पण तुमच्या घरात ते हात आहेत का, हे बघायला हवं.

इथवर तुमच्या विकणाऱ्याचं आणि माझं जमतं. आता कुठे बिनसतं ते सांगते.

शिंगराला निम्मा वाटा बापाचा, निम्मा आईचा. आजोबाचा सरासरी चौथा हिस्सा, पणजोबाचा आठवा, त्याच्या बापाचा सोळावा. जाहिरातीत ज्या 'अमुकच्या घराण्यातली' अशी ओळ असते, तो अमुक बऱ्याचदा या सोळाव्या हिश्श्यात बसलेला असतो. आणि जो निम्मा बापाकडून येतो तो प्रत्येक पोरात वेगळा निम्मा. सख्ख्या भावंडांचेही स्वभाव का जुळत नाहीत, हे दोन मुलं असलेल्या कुठल्याही घरात विचारा. नावाजलेला घोडा एका हंगामात शंभराहून अधिक घोड्यांना लागू शकतो. दहा वर्षांत त्याची पोरं किती झाली असतील, याचा हिशेब तुम्हीच करा. 'बाप नामांकित' हे शब्द त्या सगळ्यांच्या पाटीवर असतात, त्यातल्या गुणी आणि वात्रट सगळ्यांच्या.

याउलट घोडी वर्षाला जास्तीत जास्त एक शिंगरू देते. अकरा महिने पोटात, मग साधारण सहा महिने अंगाखाली. त्या सतरा महिन्यांत जे घडतं त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आमच्या पागेत २०१३ च्या उन्हाळ्यात एकाच घोड्याची दोन शिंगरं होती, आठ दिवसांच्या अंतराने जन्मलेली. एकाची आई चांदणी, वरातीत दहा वर्षं काढलेली, बँड वाजला की उलट डुलकी घेणारी. दुसऱ्याची आई रुक्मी, दिसायला चांदणीच्या दुप्पट देखणी, पण माणूस दारात आला की कान मागे. जूनमध्ये तबेल्याच्या पश्चिमेला आम्ही निळी ताडपत्री ठोकली. पहिला वारा आला तशी ती फडाफडा वाजायला लागली. चांदणीचं पोरगं दचकलं आणि त्याने आईकडे पाहिलं. आई गवत खात होती. तिचा एक कान ताडपत्रीकडे वळला, मग परत पुढे. दहा मिनिटांनी शिंगरू जाऊन ताडपत्रीला नाक लावून हुंगत होतं. रुक्मीचं पोरगंही तसंच दचकलं, त्यानेही आईकडे पाहिलं. रुक्मी मान वर करून, नाकपुड्या फुलवून, अंगाची कातडी थरथरवत उभी होती. त्या शिंगराने पुढची तीन वर्षं त्या भिंतीच्या बाजूने चालायचं नाव घेतलं नाही. ताडपत्री काढून टाकल्यावरसुद्धा. त्याला कुणी मारलं नव्हतं, कुणी घाबरवलं नव्हतं. चार दिवसांचं असताना ते बादली घेऊन येणाऱ्या मोतद्दारावर (घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसावर) कान पाडायचं, अगदी आईसारखं, आईच्या पोटाला चिकटून.

एका पागेतल्या गोष्टीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण फ्रान्समध्ये संशोधकांनी हेच नीट करून बघितलंय. शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस, रोज थोडा वेळ, त्यांनी फक्त आईला खरारा केला आणि हाताने खाऊ घातला. शिंगराला हातही लावला नाही. ती शिंगरं पुढे माणसाजवळ लवकर आणि निर्धास्त येऊ लागली. दुसरा प्रयोग जुना आहे, १९३८ चा, केंब्रिजचा. धिप्पाड शायर घोडी आणि बुटका शेटलंड घोडा, तसंच उलट, बुटकी घोडी आणि धिप्पाड घोडा, अशा कृत्रिम रेतनाने जोड्या लावल्या. रक्त दोन्हीकडे अर्धं-अर्धं सारखंच. तरी शायर आईच्या पोटातली शिंगरं जन्मताना दुसऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होती, आणि मोठी झाल्यावरही तो फरक भरून निघाला नाही. आईचं पोट हीसुद्धा एक पागाच आहे.

म्हणून मी म्हणते, आई बघून या. तुमच्या सगळ्या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे. बाकीचं तिच्याभोवतीचं.

जाणकार पैदासकारांच्या बोलण्यात हे मुरलेलं असतं, आपलं लक्ष जात नाही इतकंच. रेसच्या जगात एकाच बापाच्या दोन घोड्यांना भावंडं म्हणतच नाहीत. आई एक असेल तरच सावत्र भाऊ, सावत्र बहीण. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये बापाला वर थोडक्या ओळी मिळतात आणि उरलेलं बहुतेक पान आई, आजी, पणजी यांच्या पोराबाळांनी भरलेलं असतं. मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं ठळक अक्षरात. खरेदीला मुरलेला माणूस ते ठळक नाव आईच्या किती जवळ आहे, हे बोट ठेवून बघतो. सेक्रेटेरियटचं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये बेलमाँट शर्यत घोड्याच्या ३१ लांबींच्या फरकाने जिंकणारा हा घोडा. त्याच्या मुलग्यांकडून लोकांनी फार आशा केली आणि बहुतेकांनी निराश केलं. त्याच्या मुली मात्र अशा आया निघाल्या की एपी इंडी आणि स्टॉर्म कॅट हे दोघे त्यांच्याच पोटचे.

आता पैशाचं. रक्ताला किंमत येते, हे खरंच आहे. पण ती किंमत कशाची असते ते समजून घ्या. नॉर्दर्न डान्सर नावाचं बुटकं शिंगरू एक वर्षाचं असताना २५ हजार डॉलरला विकायला ठेवलं होतं. कुणी घेतलं नाही. १९६४ मध्ये त्याने केंटकी डर्बी जिंकली आणि पुढे तो जगातला सर्वात मागणी असलेला पैदाशीचा घोडा झाला. त्याचा मुलगा स्नाफी डान्सर १९८३ मध्ये १ कोटी २ लाख डॉलरला गेला. तो एकही शर्यत पळाला नाही, आणि पैदाशीला ठेवला तर जेमतेम चार शिंगरं झाली. २००६ मध्ये फ्लोरिडात ग्रीन मंकी नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. वंशावळीत सेक्रेटेरियट, स्टॉर्म कॅट, सगळे होते. तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. घेणारे अडाणी होते का? अजिबात नाही. जगातले सर्वात अनुभवी लोक होते ते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये हजारो रेसच्या घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मांडला, तेव्हा कमाईतल्या फरकाचा सुमारे दहावा हिस्साच वंशाच्या खात्यावर टाकता आला. बाकी दाणा, शिकवण, जॉकी, पागा, नशीब. बापाची घोडी लावायची फी जास्त म्हणून पोराचे गुण जास्त, हेही त्यात फारसं टिकलं नाही.

तरी पैसे मोजले जातात, कारण घेणारा त्या घोड्याची नव्हे, त्याच्या पुढच्या पोरांची किंमत देत असतो. वेगासाठी ते एक वेळ समजू शकतं. २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी स्नायूंशी संबंधित एक जनुक दाखवलं, त्यावरून घोडा कमी अंतराचा की लांब पल्ल्याचा याचा अंदाज बांधता येतो. स्वभावाची अशी एक चाचणी नाही. तुमची मुलगी 'पुढच्या पोरांवर' बसणार नाहीये. तिला उद्या सकाळी सहा वाजता या घोडीवर बसायचंय.

मारवाडीबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे कागदाची शिस्त वेगळी आहे. थरोब्रेडची नोंद पुण्यातल्या स्टड बुकमध्ये होते. आई-बाप डीएनएने जुळवले जातात, अंगात मायक्रोचिप असते, कृत्रिम रेतन चालत नाही. मारवाडीतही नोंदणी आहे, बिकानेरच्या सरकारी अश्व केंद्रात तर २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्माला आलं. पण यात्रेत जो कागद हातात मिळतो तो पुष्कळदा गावच्या पैदासकाराने लिहिलेला असतो. त्याची नियत चांगली असेलही. तरी बाप नक्की कोणता, हे डीएनएशिवाय ठरत नाही. आयाळीचे मुळांसकट उपटलेले केस पुरतात. ज्या बापाच्या नावाचे तुमच्याकडून लाख-दीड लाख जास्त मागितले जाताहेत, तो बाप असल्याचा पुरावा मागण्यात गैर काय? प्रामाणिक माणूस रागावत नाही.

रंगावरूनही एखादी थाप पकडता येते, आणि हे मी पैसे घालवून शिकले. २००९ मध्ये मी एक कुमैत घोडा घेतला. अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळी, पाय गुडघ्याखाली काळे. कागद व्यवस्थित, आई-बापाचे फोटो जोडलेले. घोडा उतरवून आठ दिवस झाले आणि आमचे जुने डॉक्टर चहा पिता पिता फोटो बघत म्हणाले, "आई पूर्ण तांबूस, बाप पूर्ण तांबूस, आयाळीत एक काळा केस नाही. मग हा कुमैत कुठून आला?" दोन्ही आई-बाप तसे असतील तर पोर तसंच होतं, कुमैत होत नाही. कागद दुसऱ्याच घोड्याचा होता. घोडा गुणी निघाला, अकरा वर्षं राहिला, पण घराण्याचे म्हणून मोजलेले पैसे पाण्यात गेले. तसंच सब्जाचं. जन्मताना काळपट आणि वयाबरोबर पांढरं होत जाणारं जनावर असेल, तर आई-बापांपैकी एक तरी सब्जा असलाच पाहिजे.

पांढऱ्याचं निघालंच आहे तर. ठाणे, कल्याण, भिवंडीत वरातीमुळे पांढऱ्या घोडीला भाव आहे, आणि 'नुकरा घराणं' म्हणून वर पैसे लावतात. नाकपुड्या आणि डोळ्यांभोवतीची कातडी बघा. नुकऱ्याची गुलाबी असते, तो जन्मतः पांढरा. तिथे कातडी काळी असेल तर तो सब्जा, वयाने पांढरा झालेला. सब्जाच्या शेपटीखाली हात घालून गाठी लागतात का तपासा, त्यांच्यात उतारवयात तिथे काळ्या गाठी होण्याचं प्रमाण बरंच असतं. नुकऱ्याची गुलाबी कातडी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात भाजते.

कानांची टोकं जुळणं, गळ्यावरचा देवमण म्हणजे शुभ मानलेला भोवरा, पंचकल्याणी म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं असणं, बाकीच्या भोवऱ्यांच्या जागा, यांवर यात्रेत तासन्‌तास बोलणं चालतं. अश्वपरीक्षेची ही परंपरा जुनी आहे आणि मला तिचा आदर आहे. ज्यांनी ती जपली त्यांनीच या जाती टिकवल्या. पण मुलीच्या घोड्यासाठी देवमणाचे जादा पैसे देऊ नका.

आता ठाण्याचं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहिलंय: समुद्री चाच्यांशी त्याचा करार होता, लुटीत सापडतील ते सगळे घोडे राजाचे, बाकी माल तुमचा. इतकी घोड्यांची टंचाई होती, घोडे यायचे अरबस्तान आणि इराणकडून, जहाजांतून. त्यानेच दक्षिणेकडच्या किनाऱ्याबद्दल लिहिलंय की उत्तम घोडीला उत्तम घोडा लावला तरी तिथे पाय वाकडं शिंगरू निपजतं. रक्ताचा दोष नसावा तो. तिथे घोड्यांना भात घालत. धान्य आणि कोंडा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. असं असलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. हे आजही घडतं. मी साडेतीन-चार लाखांची घोडी गव्हाच्या कोंड्यावर ठेवलेली पाहिली आहे, दीड वर्षात चेहऱ्याची हाडं फुगलेली आणि चारी पायांनी जड झालेली. गवत चांगलं, कोंडा बेताचा, आणि क्षार डॉक्टरांना विचारून. चारशे किलोच्या जनावराला रोज सहा ते आठ किलो सुका चारा पोटात जायलाच हवा.

आपल्या हवेचा आणखी एक त्रास घराण्याशी जोडलेला आहे, तो तुम्हाला यात्रेत कुणी सांगणार नाही. दमट उष्णतेत काही घोड्यांचा घाम बंद होतो. जनावर धापा टाकतं, अंग तापलेलं, कातडी कोरडी. ज्याच्या आई-बापांत किंवा भावंडांत हे झालंय, त्याला होण्याची शक्यता बरीच जास्त. कोरड्या हवेत जन्मलेल्या घोडीत हे तिथे कळणारच नाही. तिची एखादी बहीण-भाऊ मुंबई, ठाणे, पनवेलकडे गेली असेल तर पत्ता काढा आणि मे महिन्यात ती कशी असते, ते विचारा.

आणि आवाज. तुम्ही घोडबंदर रस्त्याला राहत असाल तर कंटेनर, मेट्रोचं काम, लग्नाचे डीजे, दिवाळी, गणपती, सगळं कानाशी आहे. शांत माळावर वाढलेली घोडी इथे बुजली तर तो तिच्या रक्ताचा दोष म्हणू नका. तिने हे ऐकलेलंच नसतं. दोन-तीन महिने द्या, एका जुन्या शांत घोड्याच्या जोडीने बाहेर काढा.

दिवाळीनंतर पनवेल-कर्जतच्या बाजूला देशावरचे धनगर मेंढरं घेऊन उतरतात, ते कधी थांबून बघा. घोडीच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, वर कधी एखादं लहान मूल. मागे कुत्री, मेंढरं, बाजूने ट्रक. आणि त्या घोडीच्या कुशीला लागून दोन महिन्यांचं शिंगरू, हॉर्न वाजला की आईच्या कानाकडे बघणारं. आईचा कान हलत नाही. ही आपली भीमथडी, भीमेच्या खोऱ्यातली तट्टं, मराठ्यांच्या दौडी ज्यांनी केल्या ती. आता स्वतंत्र जात म्हणून त्यांची अधिकृत नोंदही झाली आहे. उंचीला आटोपशीर, पायाला पक्की, स्वभावाने गरीब. दिसण्यात मारवाडीची ऐट नाही, कानही साधे, म्हणून कुणी लाखांच्या गोष्टी करत नाही. माझ्याकडे पोरं शिकवायला त्यांतल्या दोन आहेत आणि दोन्ही मी आई बघून घेतल्या.

शिंगरू घेऊन पैसे वसूल करायचा विचार, मला वाटतं, सोडून द्या. अकरा महिने गाभण, त्यातले शेवटचे काही महिने स्वारी बंद. व्यायल्यावर सहा महिने शिंगरू अंगावर. म्हणजे मुलीची घोडी जवळजवळ वर्षभर हातातून गेली. चांगल्या घोड्याची फी, डॉक्टर, मोतद्दाराचा पगार, आणि शिंगरू विकण्याजोगं होईपर्यंत दोन-तीन वर्षांची चंदी. जागा तर विचारूच नका. शिंगराला पळायला माळ लागतो, आपल्याकडे वीस बाय वीसचं अंगण. कोंडून वाढवलेल्या शिंगरांना फळी चावत हवा गिळायची, जागच्या जागी डुलायची सवय लवकर लागते, आणि मग तेच 'घराण्याचं खोड' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं. ज्यांना पैदास करायची त्यांनी देशावर, माळरानावर करावी.

तर साडेचार लाख? मुलीसाठी, नाही. तुम्हाला स्वतःला चांगली स्वारी येत असेल, पुढची पंधरा वर्षं एक मारवाडी घडवायची हौस असेल, डीएनए जुळत असेल आणि आई मनात भरली असेल, तर घासाघीस करून घ्या. नामांकित बाप आणि आई दाखवायला तयार नसलेला मालक, अशी जोडी असेल तर दोन लाखांतही नको.

आई बघायला जाल तेव्हा यात्रेत बघू नका. यात्रेत जनावर दिवसरात्र गर्दीत उभं असतं, थकव्याने गप्प झालेली घोडी गरीब वाटते. मालकाच्या गावी जा. न कळवता जाता आलं तर उत्तम, नाहीतर निदान चंदीच्या वेळेआधी अर्धा तास पोचा. भुकेली घोडी दाणा घेऊन येणाऱ्या माणसाशी कशी वागते ते बघा. कान कुठे आहेत, मागचा पाय उचलते का, तोबरा बांधू देते का. मोतद्दाराला चारी पाय उचलून दाखवायला सांगा. तो तिच्या मागून जाताना हात पाठीवर ठेवून सरळ जातो की लांबून वळसा घालतो, यावर नीट नजर ठेवा, मालकाच्या बोलण्यापेक्षा त्याचं चालणं जास्त सांगतं. तिची आणखी पोरं गावात असतील तर तीही बघा. एक पोर तापट असू शकतं. तीनही पोरं माणूस बघून भिंतीला टेकत असतील, तर चौथी वेगळी असेल या आशेवर पैसे टाकू नका. घोडी आणायचं ठरलंच, तर गाडीत चढवायच्या आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून अहवाल हातात घ्या. तो रोग माणसालाही होतो, आणि बाधित जनावर कायद्याने वाचवता येत नाही.

मुलीला आधी एखाद्या चांगल्या पागेत वर्षभर शिकू द्या. मोतद्दाराबरोबर खरारा, खूर साफ करणं, खोगीर कसणं, सगळं तिच्या हातून होऊ द्या. मग घोडा बघायला जाताना तिलाही न्या, आणि आईच्या ठाणासमोर तिला एकटीला पाच मिनिटं उभं करा.